दत्ताची तसबीर आणि पाण्याची आई

नाहूर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात दत्ताची तसबीर नसलेल्या घरांपेक्षा असलेली घरं जास्त निघतील. तीन मुखं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री. शेजारी बहुधा लक्ष्मी: कमळावर उभी, एका तळहातातून नाण्यांची धार, दोन्ही बाजूंना सोंडेतून पाणी ओतणारे हत्ती. वाण्यानं किंवा पतपेढीनं दिलेलं कॅलेंडर डिसेंबरात संपतं, पण त्यावरच्या देवाला रद्दीत कसं टाकणार? मग चित्र कापून फ्रेमवाल्याकडे जातं आणि देवघरावर वर्षानुवर्षं लटकत राहतं. चित्र कुणी काढलं, कुठल्या छापखान्यात निघालं, हे कुणी विचारत नाही.

हीच दत्ताची तसबीर पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या आग्नेय किनाऱ्यावर किंवा शेजारच्या टोगोमध्ये काही पुजाऱ्यांच्या देव्हाऱ्यात सापडते. तिथे त्याचं नाव आहे देन्सू. तो पाण्यातला देव, संपत्ती देणारा. तीन मुखं, सहा हात सगळं तसंच. लाकडात कोरलेल्या त्याच्या मूर्तीही आहेत. लक्ष्मीची तसबीरही तिथे पूजेत असते, आणि पुजारी तिच्याकडे बोट दाखवून सांगतो, ही मामी वाटा, पाण्याची आई.

दत्तसंप्रदायाचा कुणी प्रचारक तिकडे गेला नव्हता. गुरुचरित्राचं पारायण तिथे होत नाही. पोथी नाही, मंत्र नाही, कथा नाही, आणि तरी देव पोचला. हे घडलं कसं, याचं उत्तर शोधत गेलं की वाट मुंबईतल्या एका कॅलेंडर कंपनीवरून जाते.

पाण्याची आई कोण?

सेनेगलपासून काँगोपर्यंतच्या किनाऱ्यावर आणि नद्यांकाठी पाण्यात राहणाऱ्या शक्तींना मानणारे अनेक समाज आहेत. प्रत्येकाची देवता वेगळी, नाव वेगळं. या सगळ्यांवर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एक नाव पसरलं ते मामी वाटा. ती देखणी आहे, केस लांब आणि मोकळे, गळ्यात साप. कधी ती कमरेखाली मासळी असते. ती प्रसन्न झाली तर पैसा देते, बरं करते, मूल देते. रुसली तर झोप उडवते, माणसाला आजारी पाडते, पाण्यात ओढून नेते. काही ठिकाणी असंही मानतात की तिच्याकडून श्रीमंती घेणाऱ्याला संसारसुख मिळत नाही.

तिचा देव्हारा पाहण्यासारखा असतो. टेबलावर पांढरी चादर, आरसा, फणी, अत्तराच्या बाटल्या, टाल्कम पावडरचे डबे, गोड शीतपेयं, मिठाई. पाण्यात राहणारी ही बाई नटण्यामुरडण्याची हौशी आहे, म्हणून तिला हे सगळं लागतं. देवीच्या ओटीत फणी-करंडा आणि आरसा ठेवणाऱ्या मराठी बाईला हा देव्हारा फार परका वाटणार नाही. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या देवतेचा अनेक दशकं अभ्यास केला. त्यांच्या मते या मांडणीत एक हिशेब आहे: समुद्रापलीकडून आलेले श्रीमंत परके लोक टेबलावर जेवतात, आरशात पाहतात, अत्तर लावतात, मग समुद्रातून येणारी श्रीमंत देवीही तशीच राहत असणार.

पण तिचा चेहरा कुठून आला? आफ्रिकेतल्या सुतारांनी, चित्रकारांनी तिला जे रूप दिलं ते इतकं सारखं कसं? उत्तर हॅम्बुर्गमध्ये आहे.

दमयंती नावाची फ्रेंच गारुडीण

1880 च्या दशकात हॅम्बुर्गच्या अडॉल्फ फ्रीडलेंडर यांच्या छापखान्यानं एक रंगीत चित्र छापलं. हा छापखाना सर्कशी आणि खेळांच्या जाहिराती छापण्यासाठी प्रसिद्ध होता. चित्रात सावळी बाई, दाट पिंजारलेले केस, अंगावर नक्षीदार पोशाख, गळ्याभोवती एक जाडजूड साप, आणि कोपऱ्यात एका छोट्या चौकटीत सापांच्या मध्ये बासरी वाजवणारा मुलगा. बाईचं कमरेखालचं अंग दिसत नाही. ही तपशिलाची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

ही बाई युरोप-अमेरिकेत सापांचे खेळ करणारी कलाकार होती. रंगमंचावरचं तिचं नाव नाला दमयंती. होय, नल-दमयंती आख्यानातलंच. युरोपातल्या कुणीतरी नवरा-बायको दोघांची नावं एकत्र करून एका बाईला चिकटवली! जाहिरातीत ती हिंदू गारुडीण होती. अलीकडच्या शोधानुसार ती एमिली पुपाँ नावाची, फ्रान्सच्या ज्यूरा भागात 1861 मध्ये जन्मलेली बाई असावी. पौर्वात्य गूढपणाला तेव्हा तिकीटबारीवर भाव होता, आणि भाव असलेल्या मालाची नक्कल बाजारात येतेच.

हे चित्र जहाजांवरच्या खलाशांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर पश्चिम आफ्रिकेत गेलं. 1901 साली नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, बॉनी या बंदरगावात, जे. ए. ग्रीन या स्थानिक छायाचित्रकारानं काढलेल्या एका फोटोत लाकडी शिरोभूषण दिसतं. त्यावर कोरलेली बाई हुबेहूब तीच: तसेच मधोमध भांग पाडलेले केस, तसाच साप. म्हणजे चित्र छापलं गेल्यावर पंधरा-वीस वर्षांच्या आत जाहिरातीतली गारुडीण देवी झाली होती.

मुंबईहून बारा हजार प्रती

कागद फाटतो, वाळवी लागते, देव्हाऱ्यातला धूर बसतो. मागणी होती, पण जुन्या प्रती संपत चालल्या होत्या. कुमासी हे आजच्या घानातलं मोठं बाजाराचं शहर. तिथल्या व्यापाऱ्यांनी या चित्राचे नमुने मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीकडे पाठवले. 1955 मध्ये कंपनीनं त्याच्या 12,000 प्रती छापून तिकडे रवाना केल्या. चित्रात काहीही बदल न करता. घाना तेव्हा स्वतंत्रही झालेलं नव्हतं, नाव होतं गोल्ड कोस्ट. छापणाऱ्यांना ही बाई कोण आणि कुठे पुजली जाते याची कल्पना असण्याचं कारण नाही. ऑर्डर आली, माल गेला.

ऑर्डर मुंबईलाच का आली असावी? कारण देवांची चित्रं स्वस्तात, भडक रंगात आणि लाखांच्या संख्येनं छापण्यात या शहराचा हात बसलेला होता. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. घरोघरच्या लक्ष्मी, सरस्वती आणि दत्त याच वाटेनं आले.

त्या छपाईचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे, कारण देवांच्या प्रवासाचं इंजिन तेच. त्याला शिळाछाप म्हणत. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनं चित्र काढायचं, मग शिळा पाण्यानं ओली करायची. पाणी कोऱ्या जागेत मुरतं, तेलकट रेषेवर ठरत नाही. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषेला धरते, ओल्या जागेवर बसत नाही. कागद दाबला की चित्र उमटतं. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाची वेगळी शिळा; पिवळ्याची, लालची, निळ्याची, कधी दहा-बारा. तोच कागद एकेका शिळेवरून जातो आणि रंग एकावर एक चढतात. शिळा तयार करण्याचा खर्च मोठा, पण त्या एकदा तयार झाल्या की पुढची प्रत जवळजवळ कागदाच्या भावात. पुढे दगडाची जागा कॅमेऱ्यानं आणि धातूच्या पत्र्यानं घेतली. मग तर मूळ शिळेचीही गरज उरली नाही. जुनी छापील प्रत हातात असली तरी पुरे. कुमासीच्या व्यापाऱ्यांनी नेमकं तेच केलं.

त्याच काळात पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत सिंधी व्यापाऱ्यांची दुकानं होती. त्यांच्या गल्ल्यामागे लक्ष्मी आणि गणपती असणार, उदबत्ती असणार, सकाळी पहिल्या भवानीच्या आधी नमस्कार असणार. हिंदी सिनेमाही तिकडे जोरात चालायचा. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आफ्रिकेच्या 81 आणि 82 क्रमांकाच्या डिव्हिजन भारतमार्गे ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढून परतल्या होत्या. गारुडिणीच्या पाठोपाठ मुंबईचे इतर देव तिकडच्या बाजारात विकले जाऊ लागले ते या सगळ्या गोतावळ्यातून.

> चौकट: एका चित्राचा फेरा
> 1880 चं दशक: हॅम्बुर्गला छपाई. विषय, हिंदू म्हणवणारी फ्रेंच गारुडीण.
> 1901: नायजेरियातल्या बॉनी गावी त्याच चित्रावरून कोरलेलं शिरोभूषण.
> 1955: मुंबईत पुनर्मुद्रण, 12,000 प्रती कुमासीला.
> पुढे: अटलांटिकपलीकडे डोमिनिकन रिपब्लिकमध्ये तेच चित्र एका ख्रिस्ती संतिणीच्या नावानं पूजेत.

रुमाल टाकून धरलेली जागा

आता मूळ प्रश्न. परकं चित्र देव म्हणून स्वीकारलं का जातं? भोळेपणा हे उत्तर नाही. बाजारात शेकडो चित्रं येतात, मॉडेल, राणी, पुढारी, सिनेनट्या. त्यातली अगदी मोजकी देव्हाऱ्यात जातात.

एसटीत चढताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं इथे झालं होतं. जागा आधीच धरलेली होती. चढणारा नंतर आला. पाण्यातल्या शक्ती आफ्रिकेत फार जुन्या. टोगो-बेनिनच्या व्होदून परंपरेत साप म्हणजे दान: समृद्धी आणणारा, इंद्रधनुष्याचं रूप घेणारा. बेनिनमधल्या विदाह गावी अजगरांचं देऊळ आजही आहे. श्रीमंती समुद्रातून येते हे तर पंधराव्या शतकापासून रोज डोळ्यांसमोर होतं. पोर्तुगीजांची जहाजं कापड, पितळ, आरसे घेऊन तिथूनच उगवत. त्या जहाजांच्या नाळेवर मत्स्यकन्या कोरलेल्या असत. देवता होती, तिचे गुण ठरलेले होते, फक्त चेहरा पक्का नव्हता.

गारुडिणीचं चित्र त्या जागेत चपखल बसलं. साप होता. चेहरा ना पुरता गोरा, ना पुरता काळा, म्हणजे ती कुणाच्याच गावची नव्हती. आणि कमरेखालचं अंग दाखवलेलंच नव्हतं! तिथे मासळीची शेपटी आहे की पाय, हे भक्तानं ठरवायचं. जर्मन चित्रकारानं कागदाच्या मापासाठी जे कापलं, त्यातून देवीला शेपूट फुटायला वाव मिळाला.

लक्ष्मीचंही तसंच. तिची कथा, विष्णूशी नातं, समुद्रमंथन यातलं काही माहीत नसताना फक्त चित्र वाचलं तर काय दिसतं? बाई आहे, पाण्यात उभी आहे, हत्ती तिच्यावर पाणी ओततात, हातातून पैसा गळतो, आणि हात चार आहेत म्हणजे माणूस नव्हे. पाण्यात राहणारी, धन देणारी, अमानवी स्त्री. सगळ्या खुणा जुळल्या, आणि हे वाचन चूक आहे असं म्हणायला फारशी जागा नाही. समुद्रातून वर आलेली धनाची देवी हे आपल्याकडचं वर्णन याहून वेगळं कुठे आहे?

दत्ताची गोष्ट जास्त गमतीची, कारण आपल्याकडे तो पाण्याचा देव नाही, विरक्त अवधूत आहे. पण झोळी आणि कमंडलू म्हणजे वैराग्य हे ठाऊक असलेल्यालाच कळतं. नुसतं चित्र पाहणाऱ्याला तीन मुखं दिसतात. एका वेळी तीन दिशांना पाहणारा आणि सहा हातांनी काम करणारा पुरुष समर्थच असणार. मामी वाटाच्या बाजूला एक पापी वाटा, म्हणजे पाण्याचा बाप, हवाच होता. देन्सू या नदीदेवाला हे रूप मिळालं. व्होदून मानणाऱ्या काही पुजाऱ्यांच्या बोलण्यात ‘इंडिया’ हा समुद्राखालचा, देवांचा मुलूख आहे. मुंबईचे देव तिकडून आल्यामुळे आपसूक जलदेवता ठरले.

अटलांटिकच्या पलीकडे

चित्राचा फेरा आफ्रिकेत थांबला नाही. पण पलीकडे जायच्या आधी एक आकडा लक्षात घ्यायला हवा. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे 1 कोटी 25 लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली; जवळपास 18 लाख वाटेतच मेली. उतरलेल्यांकडे मूर्ती नव्हत्या, देवळं नव्हती, आणि मालकांचा हुकूम होता ख्रिस्ती व्हायचा. सोबत होतं ते अंगात भिनलेलं: ताल, नाच, औषधं, नावं. देवीला नवा चेहरा शोधणं भाग होतं, आणि भिंतीवर चेहरे होते ते फक्त कॅथलिक संतांचे.

म्हणून क्यूबात योरुबा लोकांची समुद्रमाता येमाया हवानाजवळच्या रेग्लाच्या मेरीमध्ये दिसू लागली; तिचा सण 7 सप्टेंबरला. गोड पाण्याची, प्रेमाची देवी ओशुन एल कोब्रेच्या मेरीमध्ये. तिचा दुसऱ्या दिवशी, 8 तारखेला. नायजेरियातलं ओशुनचं ओशोग्बो येथील राईतलं स्थान 2005 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ब्राझीलमध्ये तीच समुद्रमाता येमांजा झाली. साल्वादोर शहरात 2 फेब्रुवारीला रिओ वेर्मेल्योच्या किनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांतली गर्दी लोटते आणि मच्छीमार टोपल्या भरून समुद्रात नेतात. टोपल्यांत फुलं, अत्तर, साबण, फणी, आरसे.

हैतीतलं उदाहरण तर चित्र कसं वाचलं जातं याचा वस्तुपाठच. नेपोलियननं 1802 च्या सुमारास हैतीचं बंड मोडायला पाठवलेल्या फौजेत पोलिश सैनिक होते. त्यांच्याबरोबर चेन्स्तोहोव्हाच्या काळ्या मेरीचं चित्र बेटावर आलं असं मानतात. त्या मेरीच्या गालावर दोन वार आहेत. हैतीच्या भक्तांना त्यात एझिली दांतोर दिसली: मुलासाठी लढणारी, कष्टकरी, काळी आई. पोलंडमध्ये ते वार चित्र लुटणाऱ्यांनी केलेले. हैतीत ते देवीनं लढाईत झेललेले. चित्र तेच.

आणि शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये हॅम्बुर्गची गारुडीण पुन्हा भेटते. तिथे तिचं नाव सांता मार्ता ला दोमिनादोरा, वश करणारी संत मार्था. ख्रिस्ती दंतकथेत संत मार्थानं फ्रान्समधल्या तारास्कों गावी एका राक्षसी सर्पाला काबूत आणलं होतं, म्हणून सापवाल्या बाईचं चित्र तिला चालून गेलं. उंडगा नवरा, हट्टी घरमालक, कोर्टातला विरोधक यांना ताळ्यावर आणायचं असेल तर बायका तिच्यापुढे मेणबत्ती लावतात. न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांच्या पूजासाहित्याच्या दुकानांतही ती मिळते.

चित्राविना आलेली बहीण

एवढं सगळं वाचून वाटेल की देवीला प्रवासासाठी छापखाना लागतोच. तसं नाही, आणि याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे.

आफ्रिकेतून माणसं पूर्वेलाही आली. अहमदनगरचा वजीर मलिक अंबर त्यांतला, जंजिऱ्याचे सिद्दी त्यांतले. त्यांचं संस्थान 1948 पर्यंत टिकलं. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात आगबोटींच्या भट्टीत कोळसा टाकणारे सिद्दी खलाशी होते. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्टीत आजही सिद्दी गावं आहेत. कोकणी, मराठीशी त्यांचं रोजचं नातं आहे. गुजरातच्या सिद्दींचं मोठं ठाणं म्हणजे भरूच जिल्ह्यात झगडिया तालुक्यातलं रतनपूर, बावा गोरचा दर्गा. बावा गोर हा अकीक खड्यांच्या धंद्याचा पीर. तिथल्या टेकड्यांतून अकीक निघतो, भाजल्यावर लाल होतो, खंबायतला त्याचे मणी बनतात, आणि ते मणी शतकानुशतकं पूर्व आफ्रिकेत जात राहिले.

बावा गोर एकटा नाही. धाकटा भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिश्रा. कथा अशी सांगतात की रतनपूरच्या टेकडीवर माखण देवी नावाच्या राक्षसिणीचा अंमल होता. भाऊ तिला आवरायला आले, पण बाईशी लढणं पुरुषांच्या हातून होईना. तेव्हा बहीण समुद्रापलीकडून आली आणि तिनं राक्षसिणीला जमिनीत गाडलं. मुलूख भावाच्या नावावर राहिला. काम बहिणीनं केलं. ही विभागणी पुढेही दिसते. मूल होत नाही म्हणून नवस बोलायचा तो माईला, आणि बाईच्या अंगातली बाधा हे माईचं खातं. तिच्या नावानं खिचडी शिजते, ती बायकांची. पुरुषांना तिथे मज्जाव, आणि आत चालणारी थट्टामस्करी बाहेर सांगायची नाही असा दंडक.

माईची तसबीर नाही. मुस्लिम दर्ग्यात ती असणारही नाही. तिचं नाव एका वाद्याला आहे: नारळाच्या करवंटीचा, कापडानं मढवलेला खुळखुळा. धमाल या सिद्दींच्या नाचगाण्यात ढोलाच्या तालावर तो वाजू लागला की माई आली असं मानतात आणि कुणाच्या तरी अंगात येते. सोबत मलुंगा असतो, एक तार आणि भोपळा लावलेलं धनुष्य. ब्राझीलमधलं बेरिंबाऊ पाहिलेल्याला तो लगेच ओळखू येईल. दोन्ही एकाच खंडातून, दोन उलट दिशांना गेलेली.

सिद्दींशिवाय हिंदू, मुसलमान आणि मुंबईचे पारशीही रतनपूरला नवस फेडायला जातात. मुंबईत वाढलेल्या बेहरोज श्रॉफ यांनी सिद्दींवर माहितीपट केले, त्यांत पारशी कुटुंबांच्या बावा गोरवरच्या श्रद्धेची नोंद आहे. दर्ग्यात जाणारा माणूस आधी भावाला सलाम करतो, मग बहिणीच्या कबरीकडे वळतो. मूल हवं असलेली बाई मात्र बराच वेळ तिथेच बसलेली असते.